गुलाबबाबांची सोबतीण

गुलाबबाबांच्या बागेत त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध त्यांचा लाडका लाल गुलाब, त्याच्याशेजारी गुलाबी शाल पांघरलेले बाबा, आणि आवाज तर असा, की लोण्याने लाजावं.

"लेकरांनो, गुलाबाला एकटं ठेवू नका! त्याच्या पायाशी ही सोबतीण लावा. घर निर्मळ असेल तर दोघं फुलतील. घरात पापी असेल तर गुलाब वाळेल, आणि सोबतीण हसत राहील!"

आणि खरोखरच तसं व्हायचं. एकच माती, एकच पाणी, पण सोबतीण टवटवीत आणि गुलाबाचा कोळसा. मग बाबा डोळे मिटून पापी माणूस सांगायचे. तो नेमका घरात नकोसा झालेलाच कसा निघतो, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

गर्दीत विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या, धाकट्या बहिणीचा हात घट्ट धरून. याच बाबांनी धाकटीला पापी ठरवलं होतं आणि सासूने तिला नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं होतं. बाईंना त्याहून जास्त झोंबलं ते हे, की धाकटीलाही ते पटलं होतं. "ताई, मी काहीतरी केलंच असेल गं. झाड कशाला खोटं बोलेल?" असं म्हणत ती भरल्या ताटावरून उठायची. तेव्हापासून बाईंनी मनाशी ठरवलं होतं, या माणसाला सोडायचं नाही.

बाई स्वतः गुलाबांमध्ये लसूण लावायच्या. त्याच्या वासाने मावा किडीचा त्रास कमी होतो, असा त्यांचा अनुभव. चांगल्या शेजाराने गुलाब सुधारतो, मग हा शेजार त्याच्या जिवावर का उठतो? बहिणीच्या सासरी जाऊन त्यांनी कुंपणातून हात घातला. गुलाबाच्या पानांच्या कडा करपलेल्या, बुंध्याशी पांढरी खपली. चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि त्यांना हसू आलं. ते हसू काही चांगलं नव्हतं.

आज बागेच्या दारात सोबतिणीची रोपं वाटणाऱ्या चेल्यापाशी त्यांनी मुद्दाम गाऱ्हाणं घातलं, "बहीण येऊन बसलीय हो, जीव नकोसा केलाय." चेल्याने पुढची रोपं सोडून मागच्या ओळीतलं रोप काढून दिलं.

ते रोप घेऊन बाई पुढे झाल्या. "बाबा, सगळ्यांची घरं पारखलीत, तुमचं तेवढं राहिलं. ही सोबतीण तुमच्याच गुलाबापाशी लावते!"

बाईंनी खुरपं रोवलं मात्र, बाबांचं लोणी वितळलं. "ए बाई, तिथे नको!"

"का? घरात पापी आहे वाटतं कुणी?"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाबा सावरत म्हणाले, "ते रोप तुझ्यासाठी मंतरलेलं आहे."

"मग मंत्र चाखूनच बघू." बाईंनी मुळाशी असलेलं ढेकूळ फोडलं आणि बहिणीपुढे धरलं. "लाव जिभेला."

धाकटीने भीत भीत बोट लावलं. "ताई... खारट आहे! मीठ आहे यात!"

ढेकूळ हातोहात फिरलं. भलीभली माणसं माती चाटून तोंडं वाकडी करू लागली.

"ही सोबतीण म्हणजे साधा चिनी गुलाब," बाई म्हणाल्या. "गुलाब फक्त नावाला. खाऱ्या मातीतही तग धरतो. खऱ्या गुलाबाला मीठ सोसत नाही. दारात ज्याने कुणाची तक्रार केली, त्याला मिठाचं रोप. बाकीच्यांना साधं. पाप झाडाला कळत नाही हो. तुम्हाला कोण नकोय ते चेल्याला कळतं, कारण तुम्हीच सांगता!"

उरलेली माती त्यांनी बाबांच्या तळहातावर ठेवली. "तुमचाच प्रसाद. घ्या." पळायला वाट नव्हती. बाबांनी चाटली, आणि तोंड असं केलं की पोरंटोरं हसली. माती चारणं म्हणतात ते हेच. बाईंच्या जिवाला गार वाटलं, खोटं कशाला सांगा?

तेवढ्यात गर्दीतून सासू पुढे आली. "सूनबाई, चल घरी. या मेल्याने फसवलं गं मला."

"आई, त्याने फसवलं खरं," धाकटी म्हणाली, "पण चेल्यापाशी माझी तक्रार कुणी केली होती?"

सासूची मान खाली गेली. विषय बदलून तिने बाईंना विचारलं, "गुलाब तरी जगेल का?"

"भरपूर पाणी सोडा. मीठ धुऊन गेलं तर जगेल."

"आणि पुन्हा झाड वाळलं," धाकटी म्हणाली, "तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी तेच बोट मातीत घाला आणि चाखून बघा."

मग तिने बहिणीचा हात ओढला. "ताई, घरी चल. भूक लागलीय मला."