पिवळी पर्स, चार किल्ल्या

मला किती मार्क पडले, एवढंच तर मी विचारत होते. परीक्षा दिली की मार्क कळतात, अशी जगाची रीत आहे. पण माझी मुलगी मानसशास्त्रात डॉक्टरेट करते, आणि त्या लोकांचं सगळंच उलटं.

तिचं शिक्षण अर्धं हॉस्पिटलात आणि अर्धं शाळांमध्ये. माणसाची बुद्धी आणि स्मरणशक्ती तपासायची एक लांबलचक चाचणी असते, ती घ्यायला तिला शिकायचं होतं. खऱ्या पेशंटपुढे बसण्याआधी धडधाकट माणसांवर सराव करायचा, त्याचं रेकॉर्डिंग करायचं, आणि तिच्या मॅडम ते बारकाईने बघणार. अशा दहा चाचण्या नीट झाल्या तरच पुढच्या सत्रात तिला पेशंट मिळणार होते. सरावातले मार्क मात्र कुणालाच सांगायचे नाहीत. "शिकाऊ हाताने घेतलेल्या चाचणीचा निकाल धरत नाहीत, आई," ती म्हणाली. शिकाऊ न्हाव्याने कापलेले केस डोक्यावरून कमी होतातच की, पण ते असो.

पहिलं गिऱ्हाईक मीच झाले, आणि ते काही लेकीच्या कौतुकापोटी नव्हे.

माझी ताई एके काळी सगळ्या गोतावळ्याचे वाढदिवस तोंडपाठ सांगायची. मग एकदा तिच्या घराच्या किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडल्या. आम्ही हसलो, मी तर सगळ्यांत जास्त हसले. आता मी गेले की ताई मला आदबीने "बसा" म्हणते आणि कोणाकडे आलात म्हणून विचारते. आणि मध्यंतरी माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. मी तो गुपचूप पुसला, डोळ्यांवर चढवला आणि गार नाकाने स्वयंपाक केला. भीती वाटते असं बोलून दाखवायचा माझा स्वभाव नाही. पण लेकीला सरावाला माणूस हवं म्हटल्यावर मीच आधी हात वर केला. आमच्या ह्यांची चिंता नव्हती. ते लग्नापासूनच सगळं विसरतात, त्यांचं बिघडलं तरी कळणार कसं?

तर जेवणाच्या टेबलावर माझी चाचणी झाली. समोर लेक, हातात स्टॉपवॉच, शेजारी चाचणीची पेटी आणि कॅमेरा. जिचा चेहरा मी पाळण्यापासून वाचत आले, तिने त्या दिवशी चेहऱ्याला जणू प्लास्टर करून घेतलं होतं. उत्तर बरोबर असो की चूक, तिचं एकच पालुपद: "छान, पुढे जाऊ."

"छत्री आणि घर यांच्यात सारखं काय?"

"दोन्ही गळतात."

"छान, पुढे जाऊ."

मग आकडे झाले, सरळ आणि उलटे. मग एक गोष्ट. एक बाई बाजारात गेली, तिथे तिची पिवळी पर्स हरवली. पर्समध्ये चार किल्ल्या, एक चष्मा आणि भाचीचा फोटो होता. एक फळवाला म्हणाला, पर्स मी बसस्टॉपवर पाहिली. बाई तिकडे धावत सुटली. संपली गोष्ट.

"मग?" मी म्हणाले.

"मग काही नाही. आता आठवेल तेवढी तू सांग."

"अगं, पण सापडली का?"

"छान, पुढे जाऊ."

मी गोष्ट सांगितली, फक्त फळवाल्याच्या जागी भाजीवाला म्हणाले. उठून हात धुताना फळवाला आठवला आणि नळ तसाच सोडून मी परत धावले, पण कॅमेरा बंद झाला होता.

त्यानंतर मी तिची पाठ सोडली नाही. "नापास तर नाही ना झाले?" तर म्हणे, यात नापास नसतं. "म्हणजे पास?" पासही नसतं म्हणे. मग असतं तरी काय, कपाळ माझं! ह्यांना हेर म्हणून पाठवलं. ते तिच्या खोलीत अर्धा तास गप्पा मारून आले, आणि कशासाठी गेलो होतो तेच विसरले.

मग मी ठरवलं, चारचौघांत आपण कुठे बसतो ते आपलं आपणच बघावं. स्वयंपाकघरातला टायमर घेतला आणि शेजाऱ्यांची चाचणी सुरू केली. प्लास्टरसुद्धा केलं. आकडे मला येत होतेच, कारण भांडी घासताना मी रोज ते म्हणून बघायची. ते आठवेनासे झाले, की समजायचं.

खालच्या मजल्यावर पार्लर चालवणारी आहे, तिने पर्सची गोष्ट मन लावून ऐकली आणि परत सांगताना चोर शोधून दिला. बाईची जाऊ! वरचे ड्रायव्हरकाका बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी गोष्ट अर्ध्यावर थांबवून कुठल्या नंबरच्या बसचा स्टॉप, ते विचारलं. आमचे हे म्हणाले, "कोण बाई?" थोडक्यात, वासरांत लंगडी गाय शहाणी, एवढंच सिद्ध झालं.

एक मात्र चुकलं माझं. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. समोरच्याचं चुकलेलं उत्तर तसंच सोडून देणं माझ्या हाडात नाही. ड्रायव्हरकाका म्हणाले, छत्री आणि घर, दोन्ही आता महाग झालीत. माझ्या तोंडून निघालंच, "अहो काका, दोन्ही गळतात!" ते इतके खूश झाले, की जिना चढताना स्वतःशीच म्हणत गेले.

आपल्या लेकीला उरलेली माणसं याच बिल्डिंगमध्ये मिळणार आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका संध्याकाळी ती घरी आली ती तणतणत. बॅग सोफ्यावर आदळली.

"आई, छत्री आणि घर यांच्यात सारखं काय?"

"दोन्ही गळतात," मी म्हणाले.

"ड्रायव्हरकाका तेच म्हणाले. पार्लरवाल्या काकू तेच म्हणाल्या. काकूंची सासू तेच म्हणाली! मॅडम म्हणतात, इतक्या वर्षांत हे उत्तर मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, तुमच्या बिल्डिंगमध्ये साथ आली आहे का? आणि आकडे? मी दोन वाचले की काका पुढचे चार म्हणून मोकळे! सगळ्या चाचण्या बाद झाल्या माझ्या. आता नवी माणसं कुठून आणू? पेशंट हातचे जातील, वर्ष जाईल. काय सांगितलंस तू त्यांना?"

"विशेष काही नाही," असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण ती इतकी डोळे वटारून बघत होती, की शाळेतल्या पोरासारखं मी सगळं ओकले. सहा दोन नऊ चार एक सात. उलटे, सात एक चार नऊ दोन सहा. छत्री, घर, पिवळी पर्स, चार किल्ल्या, चष्मा, भाचीचा फोटो, बसस्टॉप. "आणि तो फळवाला होता," मी म्हणाले, "मी भाजीवाला म्हणाले होते." तिथे मला रडू कोसळलं.

"मला तुझी चाचणी बिघडवायची नव्हती गं. मी ताईसारखी व्हायला लागले आहे का, तेवढंच बघायचं होतं. माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला."

तिच्या चेहऱ्यावरचं प्लास्टर गळून पडलं. माझ्याशेजारी बसून तिने माझा हात धरला. "हे आधी का नाही बोललीस?"

"तू म्हणाली असतीस, छान, पुढे जाऊ."

त्यावर ती हसली. मार्क मात्र तेव्हाही सांगितले नाहीत. हट्टीपणात माझ्यावर गेली आहे. दुसऱ्या दिवशी ती मला मॅडमपुढे घेऊन गेली.

मॅडम बारीक चणीच्या, आवाज मऊ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्म्यापासून ताईपर्यंत. मग कपाटाकडे गेल्या, ओळखीची ती पेटी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पेटी परत आत ठेवली.

"ही चाचणी तुमच्यावर वापरता येणार नाही."

मी उठून उभीच राहिले. "इतकं हाताबाहेर गेलंय का?"

"नाही हो," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला ती पाठ आहे."

मग त्यांनी दुसरीच एक चाचणी घेतली, पुरी सकाळभर. ही खरी होती, म्हणून निकालही सांगितला: स्मरणशक्ती वयाला साजेशी, काकणभर सरसच. "चष्मा फ्रिजमध्ये ठेवताना तुमचं लक्ष दुसरीकडे होतं. याला विसरणं नाही, वेंधळेपणा म्हणतात."

कुणी वेंधळी म्हटल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. घरी येताना मी लेकीला दोनदा सांगितलं, काकणभर सरस. ती म्हणाली, "हे तू तिसऱ्यांदा सांगते आहेस," आणि मी तिथेच दचकून थांबले. मेली माझी चेष्टा करत होती.

तिने पार गावाच्या दुसऱ्या टोकाहून नवी माणसं शोधली. त्यांच्याशी बोलायची मला सक्त मनाई होती. चाचण्या पुऱ्या झाल्या, पेशंटही मिळाले. माझ्याकडून मात्र शपथ घेतली, की त्या चाचणीतलं अवाक्षर कुणाला सांगायचं नाही. एक माणूस सोडून. ही सवलत लेकीनेच दिली.

म्हणून ताईकडे गेले की मी तिला पर्सची गोष्ट सांगते. ती आदबीने "बसा" म्हणते, मग डोळे मोठे करून ऐकते, दर वेळी पहिल्यांदाच. बाई बसस्टॉपकडे धावत सुटली की माझा हात घट्ट धरते.

"मग? सापडली का हो पर्स?"

चाचणीत पुढे काही नाही. पण मी सांगते, सापडली. चारही किल्ल्या होत्या, चष्मा होता, भाचीचा फोटोही होता.

"बरं झालं बाई," ताई म्हणते. "मला पण एक भाची आहे. फार हुशार आहे."