एलिहिओचा खलबत्ता

एलिहिओ बाएस आमच्या व्हियारिका गावातला वायरमन. दोन वर्षांपूर्वी पावसाने निसरड्या झालेल्या लाल मातीत त्याची मोटारसायकल घसरली आणि डोकं दगडावर आपटलं. एकवीस दिवसांनी तो शुद्धीवर आला. बायकोला, सुनिल्दाला, त्याने लगेच ओळखलं. पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवेना. अकरा वाजले की डोकं इतकं थकायचं, की बसल्या जागी डोळे मिटायचे. मेन स्विच बंद केलाय की नाही, हे दोनदा विसरल्यावर त्याने स्वतःच पक्कड-टेस्टर ट्रंकेत ठेवून दिले.

मेंदूला मार बसलेल्यांना पुन्हा पोटापाण्याला लावायचं काम मी, निदिया, पंधरा वर्षं करतेय. एलिहिओला मी आधी नोकरीच सुचवली. त्याने नकारार्थी मान हलवली.

"दर नव्या साहेबाला सांगत बसायचं, मला काय झालंय ते. त्यापेक्षा मीच साहेब होतो."

"कसला साहेब होणार?" सुनिल्दा म्हणाली. "परवा तुला अंडी आणायला पाठवलं, तर केस कापून आलास."

"वाढलेच होते."

उजव्या हाताला ताकद यावी म्हणून मी त्याला घरचा लाकडी खलबत्ता चालवायला सांगितलं होतं. तो आवडीने कुटायचा. "हे चालू असलं की डोक्यातला गलका थांबतो," म्हणायचा. एकदा तो असाच पुदिना कुटत बसलेला पाहिला आणि मला सुचलं. आमच्याकडे माणूस दिवसभर तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला थंडगार चहा, पितो, आणि त्याच्या पाण्यात ताजी औषधी पानं ठेचून घालतो. सकाळी पानं कुटून देणारे कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेले असतात. सुनिल्दाच्या परसात पानांचा तोटा नव्हता, आणि हा धंदा सकाळचाच, अकराच्या आत आटपणारा.

मी जय्यत तयारी केली. प्रत्येक टोपलीवर मोठ्या अक्षरात नाव. एक वही: गिऱ्हाईक कोण, पान कुठलं, दिलं की नाही. न्हावी क्रिस्पिनच्या दुकानासमोर, चिंचोळ्या सावलीत टेबल मांडलं. पहिले तीन दिवस सुनिल्दा शेजारी बसली. चौथ्या दिवशी एलिहिओ म्हणाला, "आता जा घरी. तू बसलीस की लोक तुझ्याशीच बोलतात."

त्याच दिवशी घोटाळा झाला. क्रिस्पिनने गवती चहा मागितला. एलिहिओ वही उघडणार, तेवढ्यात कुणीतरी रस्त्यावरून हाक मारली, चार शब्द झाले, आणि खलात सोनामुखी पडली. मूठभर. क्रिस्पिनने तासाभरात त्या गार पाण्याचा अख्खा थर्मास संपवला.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा क्रिस्पिन टेबलापुढे उभा होता.

"काल तू मला काय पाजलंस?"

एलिहिओने शांतपणे वही चाळली. "काल तुम्ही आला नव्हता. इथे लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही? माझ्या पोटाला विचार. एका माणसाची अर्धी दाढी करून मी पळालो. तो तसाच बँकेत गेला."

मी क्रिस्पिनची माफी मागितली आणि टोपल्या उचलायला लागले. "एलिहिओ, काही दिवस बंद ठेवू. आपण घाई केली."

त्याने माझ्या हातातली टोपली काढून घेतली. अपघातानंतर तो फटकन बोलतो, पण त्या दिवशी आवाज अगदी खाली होता. "ताई, सोनामुखी उचला. दुकान नका उचलू."

मी तिथेच थांबले. क्रिस्पिनही घुटमळला. एलिहिओने वही मिटली, माझ्याकडे दिली आणि खल टेबलाच्या पुढच्या कडेला, गिऱ्हाइकाच्या बाजूला सरकवला.

"तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच यात टाका. माझ्या डोक्यात ठेवू नका, खलात ठेवा. खलात दिसेल ते मी कुटणार."

क्रिस्पिनने टोपल्यांवरची नावं दोनदा वाचली, एक काडी नाकाशी धरून हुंगली, मग गवती चहा खलात टाकला. मध्येच एक बाई एलिहिओशी बोलायला थांबली. बोलणं झालं, त्याने खाली पाहिलं, खलात गवती चहाच होता. कुटून दिला. पंधरा वर्षांच्या अनुभवातून आखलेले माझे रकाने मी गुपचूप पिशवीत घातले.

लोकांना ही पद्धत आवडली. जो तो आपलं दुखणं आपणच ठरवून पानं टाकायचा, आणि एलिहिओ मनात येईल ते बोलायचा. "पुदिना कशाला? तुमचं पोट नाही, तोंड बिघडलंय," असं तो एकदा एका वकिलाला म्हणाला. वकील रोज यायला लागला. नगरपालिकेचा परवाना एलिहिओने स्वतःच्या नावावर काढला, सही करायला वीस मिनिटं लागली आणि मागच्या रांगेला त्याने वळून सांगितलं, "थांबा, माझी पहिलीच वेळ आहे."

अकराला मात्र दुकान बंद. एकदा लग्नघरची माणसं मोठी ऑर्डर घेऊन पावणेअकराला आली. त्याने अर्धी घेतली, उरलेल्यासाठी पलीकडच्या कोपऱ्यावरच्या म्हातारीकडे पाठवलं आणि घरी जाऊन झोपला.

गेल्या महिन्यात मी निमियाला त्याच्याकडे घेऊन गेले. ती शाळेत शिकवायची. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून शब्द सापडायला वेळ लागतो. तिला घरी भरतकाम करून विकायचंय, पण गिऱ्हाइकासमोर उभं राहायची भीती वाटते.

"लोक... हसले तर?" तिने विचारलं.

"हसतील की," एलिहिओ म्हणाला. "तुम्ही भाव सांगेपर्यंत थांबतील, तेवढ्यात कापड नीट बघतील. चांगलं असेल तर घेतील." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "या ताई तुम्हाला एक वही देतील. घ्या, नाहीतर त्यांना वाईट वाटतं."

निमिया हसली. बराच वेळ टोपल्या बघत राहिली, मग पुदिन्याची एक जुडी उचलून खलात टाकली.