सामान्यज्ञानाचं पारायण

"पोरीला पुस्तक घेऊन दे, केशर. शाळेचं न्हवं, दुसरं. तिच्या जोगं बघून घे."

दवाखान्यातल्या खाटेवरून सुदेश एवढंच म्हणाला होता. पुढे त्याला बोलायची ताकद राहिली नाही, आणि ऐन पावसाळ्यात तो गेला. कर्नाटकातल्या कुंभारवाड्याच्या रानातल्या त्या लहानशा वाडीत केशर आणि तिची लेक रक्षा, दोघीच उरल्या. खाचरात वाकून लावणी करताना, भांडी घासताना केशरच्या कानात तो आवाज यायचा. नवऱ्याचं शेवटचं मागणं, ते राहून गेलं तर देवाला तोंड कसं दाखवायचं?

सुदेश रानकामाला जायचा. सुट्टीच्या दिवशी रक्षाला बरोबर न्यायचा, आणि परत येताना पोर प्रश्नांनी भरलेली असायची. मुंग्यांना पाऊस आधी कसा कळतो? काळी नदीचं पाणी धरणात हिरवं का दिसतं? सुदेश हसून म्हणायचा, मला कुठं ठाऊक, बघूया. चुलीपुढून केशर ओरडायची, "आधी जेवा बाप-लेक, मग जग शिका!"

पहिल्या वर्षाचे विधी आटोपले तशी केशर रामनगरच्या बाजारात गेली. तिनं दुकानातलं सगळ्यात जाड पुस्तक मागितलं. सोनेरी अक्षरांचं, हातात धरलं की मनगट वाकेल असं. सामान्यज्ञानाचे हजारो प्रश्न आणि त्यांची उत्तरं. दुकानदार म्हणाला, हे पाठ केलं की पोरगी साहेबीण झालीच म्हणून समजा. केशरनं ते डोक्याला लावलं आणि पदरात धरून घरी आणलं.

केशर नेमाची बाई. सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास नाही, सोमवार चुकवायचा नाही. तिनं पुस्तक लाल फडक्यात बांधलं आणि देव्हाऱ्यात, पोथीच्या शेजारी ठेवलं. दिवेलागणीला रक्षानं हातपाय धुवायचे, पाटावर मांडी घालायची, फडकं सोडून ठरलेली पानं मोठ्यानं वाचायची. मधे उठायचं नाही, मधे बोलायचं नाही. केशर हात जोडून ऐकायची. वाचून झालं की रक्षा पुस्तकाला नमस्कार करायची आणि पुन्हा गाठ मारायची. ज्या गावी पोथी अशीच वाचतात, तिथं दुसरं पुस्तक वाचायची दुसरी रीत केशरला कुणी दाखवणार तरी कधी?

शेजारच्या पुतळीवहिनी कौतुक करायच्या. केवढं पाठ हाय बघा, देशांच्या राजधान्या काय, नद्या काय! केशरलाही बरं वाटायचं. पण दिवा शांत करताना तिला वाटायचं, घरात काहीतरी कमी झालंय. आधी वाटलं, सुदेश नाही म्हणून. मग हळूहळू उमगलं की रक्षानं "का गं आये?" म्हणून किती दिवस झाले ते आठवतच नाही. ज्या प्रश्नांनी जीव नको व्हायचा, त्यातला एक तरी कानावर पडावा म्हणून ती आता आसुसली होती.

फाल्गुनात एकदा वाचता वाचता रक्षा थांबली.

"आये, नर आलाच न्हाई, तर आतली मादी काय करते?"

केशरला आधी काही कळेना. मग रक्षानं सांगितलं. ओढ्यापलीकडच्या मोठ्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याचं घरटं आहे, बाबानं दाखवलेलं. मादी आत बसते, भोक लिंपून बंद करते, चोच मावेल एवढीच फट ठेवते. नर उंबरं आणून बाहेरून भरवतो. "पण तो आलाच न्हाई तर? ह्या पुस्तकात मी सगळं बघितलं. केरळचा राज्यपक्षी धनेश, एवढंच हाय."

पोर कुणाबद्दल विचारते आहे, हे केशरला नको तेवढं समजलं होतं.

"वाचताना मधी बोलू न्हाई," ती म्हणाली. "पुढचं वाच."

रक्षानं पुढचं वाचलं. त्या दिवसापासून ती अगदी शहाण्यासारखी वाचू लागली, आणि बाकी बोलणंच तिनं सोडलं. काही विचारलं तर नुसतं 'हो' किंवा 'नाही'. एक लेकरू समोर बसलेलं असून हरवत चाललं होतं, आणि आईला ते धरता येत नव्हतं.

शेवटी केशर तिला घेऊन कुंभारवाड्याला पंचायतीच्या वाचनालयात गेली. तिथं भाग्यलक्ष्मीबाई बसत. सगळा गाव त्यांना अक्का म्हणे. केशरनं दाराबाहेर चप्पल काढली, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आपलं दुखणं सांगितलं. एवढं वाचते, पण पोरीच्या तोंडावर तेज नाही. ह्याच्याहून मोठं पुस्तक असलं तर बघा.

अक्का हसल्या. "अजून मोठं? उचलायला गडी लावशील काय?"

मग त्यांनी कपाटातली काही पुस्तकं काढून चटईवर पसरली. तिथं आधीच काही मुलं होती. एक मुलगी पालथी पडून वाचत होती, दुसरी पाय पसरून. केशर दचकली. पुस्तकाजवळ पाय! पण अक्का तिला बाकावर बसवून म्हणाल्या, पोरीला काही सांगू नकोस, नुसती बघ.

रक्षानं दोन पुस्तकं उघडली आणि मिटली. तिसरं बारीकसं होतं, कन्नडातलं. वर ढोलीतून डोकावणारी पिवळी चोच. तिनं ते उघडलं, उभ्या उभ्याच वाचू लागली, मग नकळत चटईवर बसली, मग कोपरांवर आडवी झाली. केशरला वाटलं, हाक मारावी, नीट बस म्हणावं. पण ते तोंड तिनं किती दिवसांनी पाहिलं होतं! सुदेशबरोबर रानातून परतताना असायचं, तेच ते तोंड.

"अक्का, पुस्तक म्हणजे सरस्वती," केशर हळूच म्हणाली. "तिला असं लोळून..."

"व्हय, सरस्वतीच. पण मला सांग, पोथी तू कशाला वाचतेस? तुला ती पाठच हाय की."

"मन थाऱ्यावर येतं म्हणून."

"बरोबर. पोथीपाशी आपण श्रद्धा घेऊन जातो. ह्या पुस्तकांपाशी पोरं प्रश्न घेऊन येतात. त्यांचा नैवेद्य तोच. तू पोरीला सांगितलंस, प्रश्न बाहेर ठेवून ये. मग ती रिकाम्या हातानं बसली, रिकाम्या हातानं उठली. तुझ्या पुस्तकात चूक काही न्हाई गं, पण तिनं न विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरं हायत सगळी."

केशरच्या कानात तो आवाज पुन्हा आला. तिच्या जोगं. सुदेश 'तिच्या जोगं' म्हणाला होता, आणि तिनं जाड बघितलं, सोनेरी बघितलं, दुकानदाराचं ऐकलं. जिच्यासाठी घ्यायचं, तिला बाजारात नेलंही नव्हतं.

ती उठली, चटईवर लेकीशेजारी बसली. "काय म्हणतंय त्यात?"

केशरला कन्नड बोलता यायचं, वाचता यायचं नाही. रक्षा एकेक ओळ वाचून मराठीत सांगू लागली. भिंत मादीच आतून लिंपते. पिल्लं जरा मोठी झाली की तीच चोचीनं फोडून बाहेर येते. पिल्लं आतून पुन्हा लिंपून घेतात, आणि मग नर-मादी दोघं मिळून त्यांना भरवतात.

"आणि नर आला न्हाई तर?" हा प्रश्न ह्या वेळी केशरनंच विचारला.

रक्षानं पान उलटलं. "कधी कधी मादी लवकर भिंत फोडून बाहेर पडते. पिल्लं जगतीलच असं न्हाई, लिहिलंय. आणि हे माणसांना अजून नीट ठाऊक न्हाई, लिहिलंय. तुमच्या रानात तुम्ही काय बघितलंत, असं आपल्यालाच विचारलंय, आये."

"पण बाहेर येता येतं तिला?"

"येतं की. भिंत तिचीच हाय."

केशरनं लेकीला जवळ ओढलं. दोघी रडल्या. सुदेश गेल्यावर दोघींनी एकत्र रडायची ही पहिलीच वेळ. अक्का उगीचच दुसरं कपाट आवरत राहिल्या.

बहिणींनो, भावांनो, आपणही असंच करतो. मुलांसाठी पुस्तक घेताना वजन बघतो, मुखपृष्ठ बघतो, परीक्षेत काय येईल ते बघतो. मुलाला काय जाणून घ्यायचं आहे, हे विचारायचं तेवढं राहून जातं. माहितीचं पुस्तक निवडायचं तर मुलाला बरोबर न्यावं, त्याच्या हातांनी चाळू द्यावं, कुठल्या पानावर ते थांबतं ते बघावं. जे पुस्तक खरं सांगतं, माहीत नाही तिथं माहीत नाही म्हणतं, आणि मिटल्यावर मुलाला नवा प्रश्न देऊन जातं, ते घरी आणावं. आणि मग आपणही शेजारी बसावं. ह्या बसण्यालाही मी सेवाच म्हणेन.

घरी परतताना रक्षाचं तोंड थांबत नव्हतं. वाट वळली तिथं तिनं विचारलं, "आये, तुझ्या आजीचं गाव सुपा धरणाच्या पाण्याखाली गेलं न्हवं? तिथली झाडं अजून उभी असतील आत?"

केशरची आजी शेवटपर्यंत त्या गावाच्या आठवणी काढायची. अंगणातला फणस, विहिरीवरचा चाफा. ती झाडं उभी असतील का, हे केशरच्या मनात कधी आलंच नव्हतं. आता आलं, आणि जीव कासावीस झाला.

"मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "पर आपण शोधू. उद्या अक्काकडं बघून येते, धरणाचं काही हाय काय. सापडलं तर परवा तू चल, तूच निवड."

"नक्की?"

"नक्की."

सकाळी रक्षा शाळेला गेली. केशरनं तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, भाकरी फडक्यात बांधली. अंगणातून पुतळीवहिनींनी हाक दिली, "आज बाजार न्हाई, कुठं गं निघालीस?"

"पुस्तकं बघाय," केशर म्हणाली.

कुंभारवाड्याची बस यायला अजून फार वेळ होता. तिनं वाट पाहिली नाही. पदर खोचला आणि रानातल्या पायवाटेनं ती सावकाश चालू लागली.