जहाजावरचा दहावा

उल्का गेल्याचं मला कप्तानाच्या खोलीत कळलं. मी इंजिनरूममधून तसाच वर गेलो होतो, हाताला ग्रीस होतं. त्याने आधी मला बसवलं आणि मग सॅटेलाइट फोन हातात दिला. पलीकडे जर्मनीतून, ब्राउनश्वाइगच्या घरून, आमची मुलगी कुहू. उल्का ट्रॅमच्या थांब्यावर कोसळली होती. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलला पोचायच्या आधीच संपलं होतं.

"पापा, तू कधी येणार?" कुहूने जर्मनमध्ये विचारलं. मराठी तिला समजतं, बोलता येत नाही.

मी कप्तानाकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. २००६चा जानेवारी होता. आमचं संशोधन जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं होतं आणि विमान उतरेल अशी जागा जवळ नव्हती.

"माझ्यासाठी थांबू नका," मी म्हणालो.

"आणि आजीला तू सांग. मला नाही जमणार."

आजी म्हणजे उल्काची आई. रत्नागिरीला एकट्या असतात. उल्का एकुलती एक, दर रविवारी दोघी फोनवर बोलायच्या. मी "सांगतो" म्हणालो. पण सांगितलं नाही. रविवारी त्यांचाच घरी फोन आला तेव्हा कुहू कसंबसं "आई कामावर" एवढं म्हणाली.

जहाजावर सगळ्यांनी एकामागून एक येऊन माझा हात हातात घेतला. सुतकात कुणी शिवत नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार? मी पाळ्या करत राहिलो. बाहेर सील लोळत पडलेले असायचे. पेंग्विन रांगेने यायचे, जहाजाकडे बघायचे आणि निघून जायचे. हे सगळं मी उल्काला फोनवर सांगायचो. आता बघावंसं वाटत नव्हतं.

माझ्याशिवाय मराठी बोलणारी एकच होती, शमिका. जर्मनीतल्याच येना शहरातली, पक्ष्यांवर संशोधन करणारी. तिला मी विचारलं, "इथे कावळा नसणार ना?"

"इथे कुठला कावळा, काका! का हो?"

"उद्या दहावा आहे."

"स्कुआ पक्षी आहे. तपकिरी, एक नंबरचा चोर. माझी टोपी नेली त्याने. पण काका, इथल्या प्राण्यांना काही घालायचं नाही. भाताचं शीतसुद्धा नाही. नियम आहे."

"घालत नाही. शिवला की लगेच उचलतो."

"तो शिवणाऱ्यातला नाही हो," ती म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर डेकवर आली.

पिंडाला कावळा शिवला नाही, तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात. मग घरच्यांनी हात जोडून शब्द द्यायचा. उल्काचं मन आईंच्यात अडकलेलं असणार. मी शब्द ठरवून ठेवला होता: आईंना मीच सांगेन, आणि त्यांना सांभाळेन. एकदा तिला शब्द दिला की मला मागे फिरता येणार नाही, असं मला वाटत होतं.

आचाऱ्याकडून गिचका भात घेतला. तीळ नव्हते, ते पावावरचे खरवडले. पिंड ताटलीत ठेवला आणि दोन पावलं मागे सरलो. हात जोडायच्या आत स्कुआ वरून आला आणि अख्खा पिंड गिळून उडाला. ताटली उलटी होऊन पडली.

"काका, लगेच शिवला," शमिका म्हणाली. "म्हणजे काकूंचं काही राहिलं नव्हतं."

"त्याला भूक होती," मी म्हणालो.

उल्काचं काही राहिलं नव्हतं, हे मला कुणी सांगू नये. माझा शब्द मात्र तोंडातच राहिला. पुन्हा पिंड ठेवायची परवानगी शमिका देणार नव्हती, आणि माझ्यातही जोर नव्हता.

मी घरी पोचलो तोवर कुहूने अस्थी इथल्या, ब्राउनश्वाइगच्या दफनभूमीत पुरल्या होत्या. इथे अस्थी घरी ठेवू देत नाहीत. रविवारी फोन वाजला. मी घेतला.

"नागेशराव, आलात का बर्फातून? उल्का कुठाय?"

"कामावर, आई."

"बाई गं! सारखं काम! मेली आईला विसरली म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतर असे बरेच रविवार गेले. आईंना अजून कुणी काही सांगितलेलं नाही.