खुबूस आणि पाणी

उपवासकाळातला पहिला शुक्रवार. दुबईत जबल अलीच्या चर्चमध्ये वसईकरांचा प्रार्थनागट जमला होता आणि फादर जुन्या जर्मन टोळ्यांची गोष्ट सांगत होते.

"खुनाला खून हाच त्यांचा धर्म. दुसरा गाल पुढे करा म्हटलं, तर हसायचे. एक राजा क्रुसाची कथा ऐकून गरजला, 'मी माझी माणसं घेऊन तिथे असतो, तर सूड उगवला असता!' मग धर्मगुरूंनी सुडाला उपवासाला बसवलं. ज्यानं जीव घेतला त्यानं शस्त्र खाली ठेवायचं, वर्षानुवर्षं भाकरी-पाण्यावर राहायचं. बडी धेंडं मात्र आपल्या जागी दुसऱ्यांना उपाशी बसवायची!"

सगळे हसले. ब्रिजिता हसली नाही. तिला तो राजा सख्ख्या भावासारखा वाटला.

दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा सायमन गोदामातल्या उंच रॅकवरून पडून गेला. सुरक्षेचे कमरेचे पट्टे सुपरवायझर बावतीसच्या कपाटात कुलूपबंद. चौकशीत बावतीस म्हणाला, "तो स्वतःहून चढला." खलास.

तोच आज चर्चच्या दारात आडवा आला. "वहिनी, लेकीचं लग्न ठरलंय. मनात किंतू नको. माफ करा."

"करीन की," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "दर शुक्रवारी घरी या. नुसती खुबूसची रोटी आणि पाणी. तीन वर्षं."

"इतक्या लांब, अल नहदाला? ट्रॅफिक बघता ना? त्यापेक्षा अनाथाश्रमाला देणगी—"

"बड्या धेंडांचं ऐकलंत ना आत्ता?"

तो आला. सायमनच्या खुर्चीत बसला. ब्रिजितानं रवा लावून सुरमई तळली, त्याच्यासमोर चवीनं खाल्ली. त्याच्यापुढे कोरडा खुबूस ठेवण्याआधी एवढंच विचारलं, "त्या दिवशी काय झालं?"

"तो स्वतःहून चढला, वहिनी."

"बरं. जेवा."

पाच शुक्रवार हेच. ती आवाज चढवत नसे. तो गेला की गुडघे टेकून रोजची रोझरी म्हणे आणि तिला गाढ झोप लागे.

सहाव्या शुक्रवारी बावतीसचा हात ताटाशी थबकला.

"मीच चढवलं. पट्टा मागितला त्यानं. मी म्हटलं, यल्ला, दोन मिनिटांचं काम." तो हमसून रडला. मग डोळे पुसत म्हणाला, "सुटलो. आता तरी माफ कराल ना?"

ब्रिजितानं तव्यावरची तुकडी उलटली.

"उद्या हेच कंपनीत लिहून द्या," ती म्हणाली. "आणि पाच शुक्रवार खोट्यात गेले, ते धरायचे नाहीत. तीन वर्षं आजपासून. जेवा."