रांगेत ठेवलेली सॅक

मी एक निळी सॅक बोलतेय. बोलतेय म्हणजे फाटक्या तोंडाने, पण सांगायचं ते सांगणारच.

माझा जन्म नागपूरचा. सीताबर्डीवरच्या एका कारखान्यात दुहेरी टाके घालून मला शिवलं. मजबुतीचा मला गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

दोन हजार पाच सालच्या ऑगस्टमध्ये पूर्वीने मला विकत घेतलं. तिचा दादा पुष्कर मँचेस्टरला आयटीत होता. त्याला मुलगी झाली होती आणि बारशात नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे पूर्वीचा. तिची आई मीनाक्षीबाईही निघणार होत्या, पण त्यांचा व्हिसा नाकारला गेला. मग त्यांनी स्वतःचा लग्नातला शालू कापून बाळासाठी कुंची शिवली. डोक्यावर टोपडं, मागे पाठीवर रुळणारा घोळ आणि कडेला मोत्यांची झालर. ती माझ्या पोटात ठेवताना त्या म्हणाल्या, "पूर्वी, ही गेली म्हणजे मीच गेले असं समज."

पूर्वी आधी लंडनला उतरली आणि बारशापर्यंतचे चार दिवस मला पाठीवर टाकून शहरभर हिंडली. हिंडताना मात्र लोक माझ्याकडे टक लावून बघत. जुलैत त्या शहरात बॉम्ब फुटले होते आणि ते सॅकमधूनच आणले होते. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसायची. पूर्वी मला मांडीवर घेऊन उगाचच सगळ्यांकडे बघून हसायची. मला तिची कीव यायची.

बारशाच्या दिवशी सकाळी आम्ही स्टेशनवर पोचलो तर सिग्नल बंद पडलेले आणि मँचेस्टरच्या सगळ्या गाड्या रद्द. बदली बससाठी ही मोठी रांग! अर्धा तास उभं राहिल्यावर पूर्वीला दादाला फोन करायचं सुचलं, पण सार्वजनिक फोन होता पलीकडच्या कोपऱ्यात. मग तिने तेच केलं, जे नागपूरला सिलिंडरच्या रांगेत सगळेच करतात. पिशवी ठेवली की नंबर लागला. मागच्या गृहस्थाला "टू मिनिट्स हं" म्हणाली आणि मला जमिनीवर ठेवून गेली.

तो माणूस आधी चार पावलं मागे सरला, मग पळालाच. शिट्ट्या वाजल्या. बघता बघता स्टेशन रिकामं झालं आणि मधोमध मी एकटी उरले.

"हूज बॅग इज धिस?" पोलीस भोंग्यावरून विचारत होते.

पोलिसांनी बांधलेल्या फितीपलीकडच्या गर्दीत मला पूर्वी दिसली. तिने तोंडावर हात धरला होता. "पोरी, बोल गं! एक शब्द बोल!" मी मनातल्या मनात ओरडत होते. पोलिसांनी तीनदा विचारलं. ती बोलली नाही.

मग बॉम्ब निकामी करणारं एक यंत्र आलं आणि पाण्याच्या फटक्याने त्याने मला उभं फोडलं. माझे दुहेरी टाके उसवले. कुंचीही फाटली, मोती फरशीभर सांडले.

माझ्या आत सापडलेल्या चिठ्ठीवरचं तिचं नाव पुकारलं तेव्हा कुठे ती पुढे आली. पोलीसबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आधी बोलली असतीस तर आम्ही नुसती चेन उघडली असती."

संध्याकाळी आम्ही मँचेस्टरला पोचलो तोवर बारसं उरकलं होतं. शेजारच्या प्रमोदिनीकाकूंनी बाळाच्या कानात 'सिया' म्हटलं होतं. पूर्वी वहिनीला म्हणाली, "स्टेशनवर गोंधळ झाला गं, सॅक फाटली." कुंचीचं नावही तिने काढलं नाही.

दुसऱ्या सकाळी नागपूरहून फोन आला. मीनाक्षीबाईंनी काय विचारलं असेल ते मला पूर्वीने दिलेल्या उत्तरावरून कळलं.

"हो आई, घातली ना. खूप गोड दिसली. फोटो... फोटो कॅमेऱ्यातच आहेत अजून."

फोन ठेवून ती न्हाणीघरात जाऊन रडली. मला तिचा राग आला होता, तो तिथेच विरघळला. परक्या गावात भीतीने माझ्या मालकिणीची जीभ उचलली नाही, एवढाच तिचा गुन्हा.

आता तिने नवी चाकांची बॅग घेतलीय. मला काळ्या पिशवीत बांधून मागच्या दारी ठेवलंय. उद्या कौन्सिलची कचऱ्याची गाडी येईल. ओली कुंची अजून माझ्याच पोटात आहे.

पूर्वी, मला जाऊ दे, माझं आयुष्य झालं. पण गाठ सोड आणि ती कुंची काढून घे. तिला पुन्हा शिवू शकेल असं माणूस नागपुरात बसलंय, आणि ते फोटोची वाट बघतंय.