लोणच्याशेजारी ठेवलेली बाटली

मी एक जुनी बाटली आहे. सध्या माझ्या पोटात फिनेल आहे आणि माझा मुक्काम न्हाणीघराच्या कोपऱ्यात, झाडूशेजारी. नाक मुरडू नका, मित्रांनो. एके काळी माझ्यातही सुगंध होता. तो कुणी घेतलाच नाही, हे माझं दुःख.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या एका सपाट, रखरखीत मुलखातला. तिथे नजर जाईल तिथवर द्राक्षांचे मळे. माझ्यात भरलेली लाल वाइन स्वस्तातली होती. माझ्या गळ्याला बूचसुद्धा नव्हतं, साधं फिरकीचं झाकण. पण स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे. आम्हाला पारखणारी जननी ही चेन्नईची मुलगी. ती ओळीनं पेले मांडायची, रंग उजेडाशी धरून बघायची, पेल्यात नाक घालून वास घ्यायची, घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायची. मग कुठली वाइन ताजीच प्यावी आणि कुठली थंड अंधारात वर्षानुवर्षं मुरू द्यावी, ते सांगायची. माझ्याबद्दल ती म्हणाली, "पिकल्या जांभळाचा वास आहे. लवकर संपवा." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक तेवढंच.

रजेवर घरी येताना तिनं मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला सामानातून आणलं. तिचे अप्पा, शेषाद्री, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. तंजावरी मराठी घर. दारूचं नाव काढायची सोय नव्हती. मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की अप्पा 'तिकडे फळांच्या कंपनीत आहे' म्हणून वेळ मारून नेत. जननीला ते फार लागायचं. आपलं काम अप्पांनी एकदा तरी समजून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

हट्ट करकरून तिनं त्यांना तयार केलं. तिची आई अंबुजा पाठ फिरवून स्वयंपाकघरात निघून गेली. जननीनं माझ्या बहिणीचं झाकण उघडलं, स्टीलच्या टंब्लरात थोडी वाइन ओतली आणि म्हणाली, "आधी नाक आत घाला, अप्पा. मग घोट."

पण अप्पांनी जन्मात भांड्याला ओठ लावला नव्हता. उष्टं होतं ना! त्यांनी मान मागे टाकली आणि नेहमी पाणी पीत तशी वरून धार सोडली. नाक राहिलं बाजूला, धार थेट घशात.

"छे! पुळि तण्णि," त्यांनी तोंड वाकडं केलं. चिंचेचं पाणी! "कच्ची आहे ग ही. ऊरुगायसारखी मुरूं दे की. दुसरी ठेव. तूं पुन्हां येशील तेव्हां सांगतों."

"ही ऊरुगाय नव्हे हो, अप्पा. लोणचं नव्हे ही," जननी कळवळून म्हणाली. "ही तयिर सादम. आजचा दहीभात आजच खायचा."

अप्पा हसले आणि त्यांनी मला माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवलं. खाली शेगडी, वर गच्चीचं तापलेलं सिमेंट. कत्तिरीच्या, म्हणजे ऐन वैशाखातल्या, उन्हात तर मी अक्षरशः शिजायची.

अप्पांनी मला जपलं मात्र फार. मधूनमधून खाली काढत, पंच्यानं पुसत, खिडकीशी धरत. माझा जांभळा रंग विटकरी झाला, मग तपकिरी. "मुरते आहे," ते अंबुजाला कौतुकानं सांगत. मला रडू यायचं.

जननी काही येईना. आधी महामारीनं विमानं थांबली, मग रजा मिळेना, मग तिकडेच तिला मूल झालं. बरण्यांतली लोणची मुरली, संपली, नवी आली. माझ्यातलं जांभूळ कधीच मेलं होतं.

शेवटी ती आली, ती अप्पांच्या फुप्फुसांत पाणी झाल्याचं कळल्यावर. उशांना टेकलेल्या अप्पांनी माळ्याकडे बोट दाखवलं. तिनं मला उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. करपलेल्या गुळाचा आणि शिरक्याचा वास! ती झाकण परत लावू लागली.

"घाल," अप्पा म्हणाले.

त्यांनी टंब्लर दोन्ही हातांनी धरला आणि नाक आत घातलं. धाप लागली तरी काढलं नाही. मग आयुष्यात प्रथमच भांड्याला ओठ लावला.

"आतां तूं सांग. खरें सांग."

कामात जननी कधी खोटं बोलली नव्हती. "संपली, अप्पा. केव्हाच."

"मज पण तोच वास आला," अप्पा हळूच म्हणाले. "तयिर सादमच होती ग. तूं बरोबर सांगितलेंस. मीच ऊरुगाय समजलों."

जननीनं त्यांच्या हातातला उष्टा टंब्लर घेतला आणि ती नासकी वाइन न थुंकता गिळली.

त्याच आठवड्यात अप्पा गेले. समाचाराला आलेल्या शेजारच्या सकवारबाईंनी विचारलं, मुलगी काय करते? अंबुजा म्हणाली, "वाइन पारखते." मग तिनं मला धुऊन माझ्यात फिनेल भरलं.

मित्रांनो, मला कुणी फोडलं नाही, फेकलं नाही. जपून जपूनच मारलं. तुमच्या घरीही कुणी आपलं काम हातात घेऊन, तुमच्या तोंडाकडे बघत उभं राहील. त्याला 'पुढच्या खेपेला' म्हणू नका. तेव्हाच नाक आत घाला.